दुधाळ तेल: बारा वर्षे जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या एका कुटुंबाने मार्च २०१० मध्ये पेट्रोलवर चालणारी, चार गतींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची सेडान गाडी नवी घेतली. ऑटोमॅटिक घेण्यामागे हौस नव्हती. घरातल्या बाईंचा डावा गुडघा एका अपघातानंतर क्लच दाबण्याजोगा उरला नव्हता आणि हडपसरजवळच्या महाविद्यालयात शिकवायला रोज स्वतः गाडी चालवत जाणे त्यांना भाग होते. ही बाब सुरुवातीलाच नोंदवतो, कारण ‘त्यापेक्षा साध्या गिअरची जुनी गाडी घ्या’ हा नातेवाइकांचा आवडता सल्ला या घरासाठी कधीच उपयोगाचा नव्हता. कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील, गाडीची कंपनी आणि गॅरेजांची नावे मुद्दाम वगळली आहेत. त्यांचा शेजारी आणि व्यवसायाने यांत्रिकी अभियंता म्हणून मी यात ओढला गेलो, तोही गाडी बंद पडल्यानंतरच.

गिअरबॉक्स जुन्या, पारंपरिक घडणीचा होता. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून तेलाच्या प्रवाहाने पुढे जाते, त्यामागे प्लॅनेटरी गिअरचे संच असतात आणि कोणता गिअर लागायचा हे तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या क्लच प्लेटांवर ठरते. तो दाब कुठे आणि किती जावा हे वॉल्व्ह बॉडीतील, म्हणजे तेलाच्या वाटा असलेल्या ठोकळ्यातील, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारे वॉल्व्ह) ठरवतात. म्हणजे या गिअरबॉक्समध्ये तेल, ज्याला गॅरेजमध्ये सगळे एटीएफ म्हणतात, केवळ वंगण नसते. तेच ताकद वाहून नेते, तेच प्लेटा दाबते आणि तेच तिथली उष्णता बाहेर काढते. ही उष्णता सोडण्यासाठी तेल एका नळीने पुढे रेडिएटरपर्यंत जाते. रेडिएटरच्या टाकीत, चारी बाजूंनी कूलंटने, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाने, वेढलेला, तेलाचा एक छोटा कूलर बसवलेला असतो. कूलंट आणि तेल यांच्यामध्ये तिथे धातूचा एक पातळ पत्रा काय तो असतो, आणि या प्रकरणाचे मूळ त्या पत्र्यात आहे.

गाडीची देखभाल हयगयीची नव्हती. इंजिन ऑइल वेळेवर बदलले जात होते आणि सगळी जॉब कार्डे एका फाईलमध्ये लावलेली होती. फक्त गिअरबॉक्सचे तेल १२ वर्षांत एकदाही बदलले गेले नव्हते. सर्व्हिस सेंटरने ते ‘लाइफटाइम’ असल्याचे सांगितले होते आणि या गिअरबॉक्सला तेल तपासण्याची पट्टी (डिपस्टिक) नसल्यामुळे ते तेल कधी कोणाच्या नजरेसही पडले नव्हते. लाइफटाइम म्हणजे कोणाचे लाइफ, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

समस्या कशी उभी राहिली

फाईल मागे चाळत गेल्यावर पहिली महत्त्वाची नोंद २०१८ ची सापडली. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला तडा गेला होता. मूळ कंपनीचा रेडिएटर ११,००० रुपयांना आणि बाजारातला पर्यायी ४,८०० रुपयांना मिळत होता. गाडी ८ वर्षांची झाली होती, त्यामुळे पर्यायी माल बसवला गेला. त्या दिवशीच्या माहितीवर हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, पण तो रेडिएटर केवळ इंजिन थंड ठेवणारा भाग नसून गिअरबॉक्सचाही भाग आहे, हे निर्णय घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

पुढच्या दोन-अडीच वर्षांत कूलंटच्या बाटलीतली पातळी अधूनमधून खाली जाऊ लागली. बाहेर कुठेही गळती दिसत नव्हती. जवळच्या गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी पाणी टाकले जाई, आणि तेही सोसायटीच्या बोअरवेलचे. कूलंटमध्ये गंज रोखणारी जी द्रव्ये असतात ती अशा भरणीने पातळ होत जातात आणि क्षारयुक्त पाणी धातू खाऊ लागते. एकदा बाटलीत तेलकट तवंग दिसला होता असे त्या बाईंना आठवते. ‘कूलंट जुने झाले की असे होते’, असे सांगून तिथे बाटली धुऊन देण्यात आली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिवाळीच्या सुमारास, सकाळी गाडी सुरू करून ‘आर’ किंवा ‘डी’ लावल्यावर गाडी दोन-तीन सेकंद जागची हलेनाशी झाली. नंतर एक धक्का बसून गिअर लागत असे. सर्व्हिस सेंटरला दाखवले तेव्हा टाळेबंदीच्या काळात गाडी बराच वेळ उभी होती, त्यामुळे असे होत असावे, असे उत्तर मिळाले. जॉब कार्डावर शब्द आहेत: ‘निरीक्षण केले, दोष आढळला नाही.’ तिथे गाडी दुपारी, इंजिन गरम असताना तपासली गेली होती. हा दोष थंड गाडीत दिसणारा होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ५० ते ६० च्या वेगाला, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना, गाडी खडबडीत रस्त्यावरून जावी तशी थरथरू लागली. या वेळी गाडी जवळच्या गॅरेजला गेली. इंजिन मिसफायर होत असल्याचा, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसल्याचा, निष्कर्ष निघाला, स्पार्क प्लग आणि इंजिनाचे दोन माउंटिंग बदलले गेले, ९,४०० रुपये खर्च झाला आणि थरथर तशीच राहिली. ही चूक फार सर्रास होते. ठरावीक वेगाला टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच लागतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या प्रवाहाऐवजी थेट जोडले जातात. तेल खराब झाले की तो नीट न धरता घसरत-धरत राहतो, आणि ती थरथर मिसफायरसारखीच जाणवते. दोहोंतला फरक ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, थरथर चालू असताना उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल अगदी नाममात्र, ब्रेकचा दिवा लागण्याइतकेच, दाबायचे. बहुतेक गाड्यांत तेवढ्याने लॉक-अप सुटतो. थरथर तत्क्षणी थांबली, तर रोख इंजिनाकडून कन्व्हर्टरकडे वळवायचा. ही चाचणी त्या दिवशी झाली असती तर पुढचे तीन महिने हातात होते.

खंबाटकीचा प्रसंग

मे २०२२ मध्ये कराडला मुंजीसाठी जाताना गाडीत पाच माणसे होती, त्यांत ७४ वर्षांच्या आजी. बाहेर कडक ऊन होते आणि एसी चालू होता. खंबाटकी घाट चढताना इंजिनाचे आरपीएम ४,००० च्या वर गेले, पण गाडीचा वेग उतरतच राहिला. मेकॅनिकच्या भाषेत गिअरबॉक्स ‘स्लिप मारू’ लागला. डॅशबोर्डवर ओव्हरड्राइव्हचा दिवा गिअरबॉक्सच्या बिघाडाची खूण म्हणून लुकलुकू लागला आणि निम्म्या चढावर गाडी थांबली. नंतर ‘डी’ लावला तरी ती पुढे सरकली नाही.

विम्यासोबत रस्त्यावरील मदतीची सोय घेतलेली होती. फोनवर कळले की फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घालून नेणारा ट्रक, येण्यास चार तास लागतील. तो घाट साताऱ्याकडे जाणाऱ्या वाहनांसाठी एकेरी असल्याने मागे फिरणेही शक्य नव्हते. एका जीपवाल्याने दोरीने ओढून घाटापलीकडे सुरूर फाट्यापर्यंत नेण्याची तयारी दाखवली आणि १,५०० रुपयांत ते ठरले. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन बंद करून, पुढची चाके रस्त्यावर फिरत असतानाच ती ओढली गेली.

या निर्णयाकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना ओढणारी चाके, म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेली (या गाडीत पुढची) चाके, फिरली तर गिअरबॉक्सचे आतले भाग कोरडे फिरतात. म्हणूनच अशा गाड्यांच्या मालकपुस्तिकांत ओढणारी चाके उचलून किंवा फ्लॅटबेडवर घालूनच गाडी नेण्याची सूचना असते. दुसरी बाजू मला अधिक गंभीर वाटते. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पेडल दाबले की संपते आणि स्टिअरिंग जड होते. अशा स्थितीत दोरीला बांधलेली, पाच माणसांची गाडी घाट उतरून गेली. गिअरबॉक्सचे काय झाले असते हा त्या तासाचा मुख्य प्रश्न नव्हताच. आजींना आणि मुलांना दुसऱ्या वाहनाने पुढे पाठवून, गाडीमागे धोक्याचा त्रिकोण ठेवून, एकाने सुरक्षित अंतरावर थांबून फ्लॅटबेडची वाट पाहणे शक्य होते. पण उन्हात, चढावर, मागून ट्रक येत असताना हे सुचणे किती अवघड असते हेही मला कळते, म्हणून या निर्णयाला दोष देताना माझा हात आखडतो.

सुरूरहून गाडी दुसऱ्या दिवशी फ्लॅटबेडवर पुण्यात आली. मदतीच्या योजनेतली किलोमीटरची मर्यादा ओलांडल्यामुळे ६,५०० रुपये वेगळे मोजावे लागले.

निदान

गाडी फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेच काम करणाऱ्या एका छोट्या गॅरेजमध्ये नेण्यात आली. स्कॅनरवर दोन कोड निघाले. पी-०७४१ हा लॉक-अप क्लच अपेक्षेप्रमाणे धरत नसल्याचा होता आणि पी-०७३० गिअरचे गुणोत्तर जुळत नसल्याचा. हे कोड काय घडते आहे ते सांगतात, का घडते आहे ते सांगत नाहीत. कारण कळायला मिस्त्रींनी खालचा प्लग सोडवून अर्धा पेला तेल काढले, तेवढे पुरले. जळालेले एटीएफ काळपट असते आणि त्याला करपट वास येतो. हे तेल फिकट गुलाबी, घट्ट, स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखे होते. ‘दूध झालंय, साहेब. यात पाणी आहे,’ इतकेच ते म्हणाले.

रेडिएटर सोडवून त्यातल्या तेलाच्या कूलरला हवेचा दाब दिला तेव्हा टाकीतून बुडबुडे आले. पत्रा आतून गळत होता. गाडी चालू असताना कूलरमधल्या तेलाचा दाब कूलंटपेक्षा जास्त असू शकतो, त्यामुळे थोडे तेल कूलंटमध्ये जाते. बाटलीतला तवंग तो हाच. गाडी बंद केली की तेलाचा दाब शून्यावर येतो, पण गरम कूलंट मात्र बराच वेळ दाबाखाली राहते आणि उलट दिशेने तेलात शिरते. क्लच प्लेटांवरचे घर्षणाचे अस्तर कागदी तंतूंचे असून ते चिकटवलेले असते. ते पाणी शोषते, फुगते, त्याचा डिंक सैल होतो आणि अस्तर सुटू लागते. सकाळचा उशीर, ५० च्या वेगाची थरथर आणि घाटातले घसरणे ही तीन वेगळी दुखणी नव्हती. एकच दुखणे सहा महिने पुढे सरकत होते आणि दर वेळी वेगळ्या माणसासमोर उभे राहत होते.

कोणते पर्याय तोलले गेले

गाडीची चालू स्थितीतली बाजारातली किंमत तेव्हा दोन लाखांच्या आसपास होती. त्या वर्षी चिपच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्यांना प्रतीक्षा होती आणि जुन्या गाड्यांचेही भाव चढलेले होते. विम्याकडून काही मिळणार नव्हते, कारण यांत्रिक बिघाड आणि झीज नेहमीच्या वाहन विम्यात समाविष्ट नसते.

अधिकृत केंद्राने नव्या गिअरबॉक्सचा अंदाज २,८५,००० रुपये दिला आणि तो पर्याय एका वाक्यात संपला. सर्वांत स्वस्त पर्याय रेडिएटर बदलून तेल वारंवार बदलण्याचा होता, सुमारे २५,००० रुपयांचा. या गिअरबॉक्समध्ये एकूण साडेसात लिटर तेल होते, पण प्लग सोडल्यावर एका वेळी तीनच लिटर बाहेर येत होते, कारण बाकीचे कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहते. तीन वेळा बदलले तरी हिशेबाने पाचवा हिस्सा जुने तेल आतच उरते. प्लेटांचे अस्तर शाबूत असते तर हा मार्ग मी धरायला सांगितला असता. पण गिअरबॉक्समधल्या तेलाच्या चाळणीवर अस्तराचे तुकडे सापडले होते, आणि सुटलेले अस्तर नव्या तेलाने परत चिकटत नाही.

तिसरा पर्याय कटिंगच्या मालाचा, म्हणजे मोडीत निघालेल्या गाडीच्या गिअरबॉक्सचा होता. कुर्ल्याच्या बाजारात त्याच मॉडेलचा गिअरबॉक्स बसवण्यासह ५८,००० रुपयांना आणि एका महिन्याच्या हमीवर मिळत होता. कुटुंबाचा कल इकडे होता. माझी हरकत किमतीला नव्हती. तो ज्या गाडीतून निघाला तिचाही रेडिएटर त्याच वयाचा असणार होता आणि विक्रेता बसवण्याआधी तेलाचे झाकण उघडू द्यायला तयार नव्हता. उघडू दिले असते आणि तेल स्वच्छ लाल निघाले असते, तर मी बहुधा वेगळा सल्ला दिला असता.

चौथा पर्याय गाडी आहे तशी ७०,००० रुपयांना विकून एएमटी असलेली छोटी नवी गाडी सुमारे सात लाखांत घेण्याचा होता. एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सला क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा जोडलेली गाडी, भारतात २०१४ मध्ये सेलेरिओपासून सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो आणि तेल रेडिएटरमध्ये जात नाही, म्हणून हा विशिष्ट आजार तिला होत नाही. पण मुलाच्या शिक्षणाचे कर्ज चालू होते आणि दुसऱ्या हप्त्याला घरात जागा नव्हती.

उरला तो पाचवा पर्याय: गिअरबॉक्स पूर्ण खोलून ओव्हरहॉल करणे आणि बिघाडाचे मूळही दूर करणे. अंदाज १,१०,००० ते १,२०,००० रुपयांचा होता. दोन लाखांच्या गाडीवर सव्वा लाख घालायचा का, हा प्रश्न घरात चार दिवस चालला. माझ्या मते प्रश्नाची मांडणीच चुकीची होती. गाडी विकायचीच नसेल तर तिच्या बाजारभावाचा फारसा संबंध उरत नाही. त्या पैशांत क्लच न दाबता चालवता येणारे दुसरे काय मिळते, एवढेच पाहायचे होते, आणि काही मिळत नव्हते. आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, १५ वर्षे मार्च २०२५ मध्ये पूर्ण होणार होती, म्हणजे निदान पावणेतीन वर्षांची खात्रीची सोय हातात होती.

केलेली कारवाई

सर्व क्लच प्लेटा, सील आणि चाळणी बदलण्यासह कामाचे ७४,००० रुपये झाले. टॉर्क कन्व्हर्टर कापून, आतला लॉक-अप क्लच बदलून पुन्हा जोडण्याचे १६,००० झाले. यात बचत करण्याचा मोह होतो, पण दुधाळ तेलात चाललेला कन्व्हर्टर न उघडता बसवला तर आतला गाळ नव्या प्लेटांत येतो. मूळ कंपनीचा रेडिएटर ११,५०० रुपयांचा आणि तेल ९,००० रुपयांचे.

शेवटचा निर्णय सर्वांत स्वस्त आणि, मला वाटते, सर्वांत शहाणपणाचा होता. नव्या रेडिएटरमधला तेलाचा कूलर वापरायचाच नाही, त्याची तोंडे बंद करून एसीच्या कंडेन्सरपुढे हवेवर चालणारा वेगळा कूलर बसवायचा आणि जुन्या नळ्या धुण्याऐवजी बदलायच्या, असे ठरले. याला ६,५०० रुपये लागले. रेडिएटरमधला कूलर थंडीत तेल लवकर गरमही करतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात असा बदल करताना विचार करावा लागेल. पुण्यात त्याची अडचण नव्हती.

एकूण १,१७,००० रुपये झाले आणि सहा महिन्यांची हमी कागदावर लिहून घेतली. तीन आठवड्यांनी दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना झटके येऊ लागले. वॉल्व्ह बॉडी धुतली होती, पण एक सोलेनॉइड आतून गंजलेला निघाला. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, भागाचे ७,००० रुपये घेतले. सगळे सोलेनॉइड आधीच का बदलले नाहीत, असे मी त्यांना विचारले. सगळ्यांचा संच आणखी २८,००० रुपयांचा होता आणि ‘तुम्हीच नको म्हणाला असतात,’ असे ते म्हणाले. ते खरे होते. पण तो पर्याय आमच्यासमोर मांडला गेला नव्हता, हेही तितकेच खरे.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त संधी कूलंटच्या बाटलीपाशी होती. बाहेर गळती नसताना कूलंट कमी होत असेल तर ते कुठेतरी आत जात असते. ऑटोमॅटिक गाडीत ‘आत’ म्हणजे फक्त इंजिन नव्हे, हे गॅरेजवाल्याला सुचायला हवे होते. मालकाने नुसते ‘गिअरबॉक्सचे तेल एकदा काढून दाखवा’ म्हटले असते तरी पुरे होते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असलेल्या बऱ्याच गाड्यांतही तेल आणि कूलंट असेच शेजारी वाहतात, त्यामुळे ही सूचना त्यांनाही लागू आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये गाडी रात्रभर सर्व्हिस सेंटरला ठेवून सकाळी थंड असताना त्यांच्यासमोर सुरू करायला हवी होती. तोवर प्लेटा वाचल्या असत्या का, हे सांगणे कठीण आहे. पाणी शिरून किती महिने झाले होते यावर ते अवलंबून होते. फेब्रुवारीत मात्र तक्रार एका गॅरेजमधून दुसरीकडे नेताना जुनी फाईल सोबत न्यायला हवी होती. ती घरी कपाटात होती. कूलंटची भरणी एकाने केली, उशिरा लागणारा गिअर दुसऱ्याने पाहिला, थरथर पुन्हा पहिल्याकडे गेली, आणि तिन्ही गोष्टी एकत्र माहीत असलेली व्यक्ती फक्त गाडीची मालकीण होती, जिला त्यांचा परस्परसंबंध कोणी सांगितला नव्हता.

२०१८ च्या रेडिएटरबद्दल मी ठाम नाही. मूळ कंपनीच्या रेडिएटरमध्येही बोअरचे पाणी चार वर्षे भरत राहिले असते तर तो टिकला असता, असे मी म्हणणार नाही.

परिणाम

टोइंगसह सगळा खर्च १,३२,००० रुपये झाला. मार्च २०२५ मध्ये आरसी संपली तेव्हा गाडी १,३९,००० किलोमीटर चालली होती, म्हणजे बिघाडानंतर २६,६०० किलोमीटर. केवळ या दुरुस्तीचा भार दर किलोमीटरला जवळपास ५ रुपये पडला. रिक्षाशी तुलना केली तर स्वस्त, गाडीच्या नेहमीच्या देखभालीशी केली तर महाग. कुटुंबाने तपासणी करून, ५,००० रुपये शुल्क आणि पर्यावरण कर भरून नोंदणीचे नूतनीकरण केले. आता तेल दर ३०,००० किलोमीटरला बदलायचे ठरले आहे. पहिल्या वेळी निघालेले तेल तपकिरीकडे झुकलेले लाल होते.

एक गोष्ट उलगडायची राहिली. गिअरबॉक्स खोलला तेव्हा मागच्या प्लॅनेटरी संचाचा एक बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची धातूची कडी, उष्णतेने निळा पडलेला होता. घाट चढताना दुधाळ तेलाने तो जळाला, की उतरताना दोरीने ओढताना कोरडा फिरल्याने, हे मी आणि मिस्त्री दोघांनाही ठरवता आले नाही. तो बुश अजून त्यांच्या टेबलावर, पेपरवेट म्हणून आहे.